विद्युत मोटारीची खरेदी आणि चार्जिंग : महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या संदर्भात एक व्यावहारिक विवेचन

सारांश : विद्युत मोटार घ्यावी की न घ्यावी, याचा विचार करताना सर्वसाधारण ग्राहकाचे लक्ष दोन आकड्यांवर खिळलेले असते. एक म्हणजे मोटारीची किंमत आणि दुसरा म्हणजे एका चार्जिंगमध्ये ती कापणार असलेले अंतर. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करण्यात आले आहे की, हा निर्णय मुख्यत्वे मोटारीचा नसून ती रात्री जिथे उभी राहते त्या जागेचा आहे. ज्या कुटुंबाला मुक्कामाच्या जागी विजेची खात्रीची जोडणी मिळते त्याच्यासाठी ही मोटार सोयीची व किफायतशीर ठरते. ज्याला ती मिळत नाही त्याच्यासाठी तीच मोटार महाग व गैरसोयीची ठरू शकते. या दृष्टीने पल्ला, घरगुती चार्जिंग, सहकारी गृहनिर्माण संस्थेतील अडचणी, लांबचा प्रवास, खर्चाचा हिशेब आणि बॅटरीचे आयुष्य यांचा येथे परामर्श घेण्यात आला आहे.

बीजशब्द : विद्युत मोटार, बॅटरी, चार्जिंग, मंजूर भार, गृहनिर्माण संस्था, पल्ला.

१. प्रस्तावना

विद्युत मोटार ही भारतीय रस्त्यावर अगदी नवखी नाही. बंगळूर येथे तयार झालेली 'रेवा' ही छोटी मोटार २००१ साली बाजारात आली. शिसे-आम्ल बॅटरीवर चालणारी ही मोटार एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जात असे आणि घरातील साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत असे. २०१० साली ही कंपनी महिंद्र समूहाकडे आली. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने ३०.२ किलोवॅट-तास क्षमतेची 'नेक्सॉन ईव्ही' बाजारात आणली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या विचारकक्षेत हा विषय खऱ्या अर्थाने आला. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये 'टिआगो ईव्ही' आणि २०२३ मध्ये 'एमजी कॉमेट' यांसारख्या तुलनेने स्वस्त मोटारी उपलब्ध झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने चाकण येथे तयार होणाऱ्या दोन नव्या विद्युत मोटारी सादर केल्या.

शासकीय धोरणही या काळात अनुकूल राहिले आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आणि चार्जरवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. दुसऱ्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विद्युत मोटारींना पथकरातून सूट देण्याची तरतूद असून अटल सेतूवर तिची अंमलबजावणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली.

तथापि या सर्व सवलती वाहनाला मिळतात. ते वाहन जिथे चार्ज व्हायचे त्या जागेचा प्रश्न बहुतांशी ग्राहकाच्याच माथी राहतो. पेट्रोल मोटारीच्या मालकाला इंधन कोठून भरावे, याचा खरेदीपूर्वी विचार करावा लागत नाही. विद्युत मोटारीच्या बाबतीत मात्र हाच विचार सर्वप्रथम करावा लागतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा क्रम स्पष्ट करण्याचा आहे.

२. दोन मूलभूत राशी : साठा आणि गती

विषयाच्या आकलनासाठी दोन राशींतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते किलोवॅट-तासात मोजतात. वीजबिलावरील 'युनिट' म्हणजे हेच माप होय. ही ऊर्जा कोणत्या गतीने भरली जाते ते किलोवॅटमध्ये मोजतात. पाण्याची टाकी व नळ यांची उपमा येथे चपखल बसते. टाकी किती लिटरची हा एक प्रश्न आणि नळाची धार किती मोठी हा दुसरा. २४ युनिटची बॅटरी ३ किलोवॅटच्या जोडणीवर रिकाम्या अवस्थेपासून पूर्ण भरण्यास, वाटेतील गळती धरून, सुमारे नऊ तास घेते.

दुसरी महत्त्वाची बाब विद्युतप्रवाहाच्या प्रकाराची आहे. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, तर बॅटरी केवळ एकदिश प्रवाह स्वीकारते. हे रूपांतर करणारे उपकरण मोटारीतच बसवलेले असते. त्यामुळे घरगुती चार्जिंगची गती भिंतीवरील चार्जरइतकीच मोटारीतील या उपकरणाच्या क्षमतेवरही अवलंबून असते. मोटारीतील उपकरण ३.३ किलोवॅटचे असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॅटचा महागडा चार्जर बसवूनही मोटार ३.३ किलोवॅटनेच चार्ज होते. खरेदीच्या वेळी ही बाब विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावी. रस्त्यालगतच्या जलद चार्जिंग केंद्रांत हे रूपांतर केंद्रातील मोठ्या यंत्रातच होते व एकदिश प्रवाह थेट बॅटरीला दिला जातो. म्हणूनच तेथे ३०, ६० किंवा १२० किलोवॅट अशी गती शक्य होते.

३. पल्ला : कागदावरचा आणि रस्त्यावरचा

जाहिरातीत दिलेला पल्ला हा प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. ठरावीक वेगाच्या आखून दिलेल्या चक्रानुसार चाचणी झाल्यामुळे दोन मोटारींची परस्परांशी तुलना करण्यास तो आकडा उपयुक्त ठरतो. मात्र प्रत्यक्ष रस्त्यावर तोच आकडा मिळेल असे मानणे चुकीचे आहे. व्यवहारात त्या आकड्याच्या साधारणपणे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश अंतर गृहीत धरणे सुरक्षित होय.

ही घट कशामुळे होते, हेही समजून घेतले पाहिजे. महामार्गावर वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी ८० किलोमीटरऐवजी ताशी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. शहरात मात्र कारण वेगळे असते. वातानुकूलन यंत्र तासाला साधारण एक युनिट घेते असे धरल्यास, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीवर त्याचा भार किलोमीटरमागे ०.०१७ युनिट एवढाच पडतो. तीच मोटार वाहतूक कोंडीत ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल तर तो भार किलोमीटरमागे ०.०६७ युनिट होतो. मोटारीचा मूळ खर्च किलोमीटरमागे सुमारे ०.१४ युनिट असल्याने एप्रिल-मे महिन्यांतील कोंडीत पल्ला जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. यात मोटारीचा दोष नसतो, हे ग्राहकाने समजून घ्यावे.

घाटरस्त्याचा हिशेबही साध्या गणिताने करता येतो. खोपोली ते लोणावळा या चढाईत उंची सुमारे ५५० मीटरने वाढते. प्रवाशांसह १६०० किलो वजनाची मोटार एवढी वर नेण्यासाठी सुमारे २.४ युनिट ऊर्जा सपाट रस्त्यापेक्षा अधिक लागते. २४ युनिटच्या बॅटरीच्या दृष्टीने हा दहावा हिस्सा झाला. परतीच्या उतारावर मोटर जनित्राप्रमाणे काम करते आणि यातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा बॅटरीत परत येते. मात्र बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ही ऊर्जा सामावण्यास जागा नसते व सर्व भार ब्रेकवर येतो. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी खाली उतरणाऱ्याने बॅटरी रात्री पूर्ण भरू नये.

४. घरगुती चार्जिंग

नोकरदार कुटुंबाची मोटार दिवसाला सरासरी ४० किलोमीटर धावते असे समजू. एका युनिटमध्ये ७ किलोमीटर या हिशेबाने तिला ५.७ युनिट लागतात. चार्जिंगच्या वेळी सुमारे १२ टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे मीटरवर साधारण ६.५ युनिट नोंदले जातात. ३ किलोवॅटच्या साध्या जोडणीवर एवढी वीज सव्वादोन तासांत भरून होते. मोटार रात्री किमान आठ तास उभी असते. यावरून असे दिसते की, सर्वसामान्य कुटुंबाला घरी वेगवान चार्जरची आवश्यकता नसते. त्याला संथ परंतु खात्रीची जोडणी हवी असते.

या जोडणीबाबत मात्र कसलीही काटकसर करू नये. घरातील १५-१६ अँपिअरचे सॉकेट गिझर किंवा इस्त्रीसारख्या काही मिनिटे चालणाऱ्या उपकरणांसाठी वापरले जाते. मोटार त्यातून सलग कित्येक तास प्रवाह ओढते. सॉकेटमधील पकड सैल असेल तर त्या सांध्यात रोध निर्माण होतो आणि निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केवळ ०.१ ओहम रोध असलेल्या सांध्यात १५ अँपिअर प्रवाहाने सुमारे २२ वॅट उष्णता निर्माण होते. अंगठ्याएवढ्या जागेत रात्रभर २२ वॅट उष्णता साठत राहिली तर प्लास्टिक वितळण्यास ती पुरेशी असते. चार्जिंगच्या वेळी घडणाऱ्या अपघातांचा विचार करताना बॅटरीइतकेच लक्ष या सांध्याकडे द्यावयास हवे.

त्यामुळे पुढील गोष्टी आवश्यक ठरतात. मोटारीसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढावी. १६ अँपिअरसाठी ती किमान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची किंवा अंतर अधिक असल्यास त्याहूनही जाड असावी. स्वतंत्र एमसीबी तसेच ३० मिलीअँपिअर गळतीवर वीज तोडणारी आरसीसीबी बसवावी. साध्या घरगुती सॉकेटऐवजी औद्योगिक वापराचे सॉकेट घ्यावे. अर्थिंगची प्रत्यक्ष तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. जुन्या इमारतींत अर्थिंग नसल्यास किंवा निकामी झाले असल्यास अनेक मोटारी चार्जिंग सुरूच करत नाहीत आणि मालक मोटारीला दोष देत बसतो. एक्स्टेंशन बोर्डाचा वापर पूर्णतः टाळावा.

मंजूर भार हाही एक दुर्लक्षित मुद्दा आहे. अनेक सदनिकांचा मंजूर भार ३ ते ५ किलोवॅट असतो. २ किलोवॅटचा गिझर, दीड किलोवॅटचे वातानुकूलन यंत्र आणि ३ किलोवॅटची मोटार एकाच वेळी चालू झाल्यास मागणी साडेसहा किलोवॅटवर जाते. अशा वेळी महावितरणकडे किंवा मुंबईतील संबंधित वीज कंपनीकडे भारवाढीसाठी अर्ज करावा लागतो. हा अर्ज मोटार नोंदवतानाच करावा, ती दारात आल्यानंतर नव्हे.

५. सहकारी गृहनिर्माण संस्था : खरा अडसर

बंगल्यात किंवा स्वतंत्र घरात राहणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न वरील उपायांनी सुटतो. शहरातील बहुसंख्य मध्यमवर्ग मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो. तेथे मोटार उभी करण्याची जागा आणि वीजमीटर यांच्यात सामाईक जागेची भिंत असते आणि ती ओलांडण्यास संस्थेची संमती लागते.

कायद्याची चौकट या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने झुकलेली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, वाहन चार्ज करून देणे ही सेवा असून ती विजेची विक्री नव्हे. त्यामुळे त्यासाठी वीज कायदा २००३ खालील परवान्याची गरज नाही. मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घर किंवा कार्यालयातील विद्यमान जोडणीवर वाहन चार्ज करण्यास मुभा दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची तरतूद करण्यात आली. याच दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस व ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी कमी केली. नव्या इमारतींत किमान २० टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य असावे, असा दंडक केंद्राच्या २०१९ च्या नमुना इमारत उपविधींत व राज्याच्या २०२१ च्या धोरणात आहे. परंतु १९८०-९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींना या दंडकाचा लाभ होत नाही. तेथे प्रश्न अखेर सर्वसाधारण सभेतच सुटतो किंवा अडतो.

सभेत सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, सामाईक विजेचा भुर्दंड इतर सभासदांना का? त्यास उत्तर असे की, सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून वायर आणल्यास किंवा स्वतंत्र जोडणी घेतल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. सामाईक मीटरवरून वीज द्यावयाची झाल्यास उपमीटर बसवून प्रत्येकाची नोंद ठेवता येते. दुसरा आक्षेप आगीचा असतो. तो गांभीर्यानेच घ्यावयास हवा, कारण कोणी खिडकीतून लोंबकळती वायर सोडून मोटार चार्ज करू लागला तर धोका संभवतो. परंतु रीतसर परवानगी नाकारल्यानेच अशी चोरटी व्यवस्था जन्माला येते. संस्थेने वायरिंगचा दर्जा ठरवून देणे, परवानाधारक वायरमनचे प्रमाणपत्र मागणे व वार्षिक तपासणी बंधनकारक करणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

तिसरा आक्षेप इमारतीच्या एकूण भाराचा असतो आणि तोच सर्वांत परिणामकारक ठरतो. 'आज एकाला दिले, उद्या दहा जणांनी मागितले तर ट्रान्सफॉर्मर जळेल' असे म्हटले जाते. या आक्षेपाची शहानिशा अंकगणितानेच करावी. दहा मोटारींना प्रत्येकी ७ किलोवॅटचा चार्जर देऊन ते एकाच वेळी चालू केले तर ७० किलोवॅट लागतील, हे खरे आहे. परंतु दिवसाला ४० किलोमीटर धावणाऱ्या दहा मोटारींची रात्रीची एकूण गरज ६५ युनिट असते. आठ तासांत विभागली तर ही मागणी सुमारे ८ किलोवॅट होते, म्हणजेच चार गिझर एकाच वेळी चालू असण्याएवढी. एका वेळी तीन मोटारी आळीपाळीने ३ किलोवॅटने चार्ज केल्या तरी सव्वासात तासांत दहाही मोटारी तयार होतात. भार वाटून देणारी स्वयंचलित यंत्रणाही उपलब्ध आहे. तात्पर्य, पहिल्या अर्जदाराला एकट्यापुरती परवानगी देण्यापेक्षा संस्थेने पुढील दहा अर्जदार गृहीत धरून एकदाच आराखडा करणे सर्वांच्या हिताचे ठरते. तसे न झाल्यास पहिले दोन सभासद उपलब्ध भार वापरून टाकतात आणि तिसऱ्याला नकार मिळतो.

भाडेकरूंची स्थिती याहून बिकट असते. वायरिंगवर खर्च त्यांनी करायचा आणि अकरा महिन्यांनी जागा सोडताना ती तेथेच ठेवून जायची, असा हा व्यवहार आहे. रस्त्याकडेला मोटार उभी करणाऱ्यास तर घरगुती चार्जिंगचा पर्यायच उरत नाही. या दोन वर्गांसाठी कार्यालयातील चार्जिंग हाच खरा पर्याय होय. मोटार तेथेही आठ तास उभी असते आणि सौर ऊर्जेच्या वाढत्या वाट्यामुळे दिवसाच्या विजेला सवलत देण्याकडे दररचनेचा कल आहे. महाविद्यालये, रुग्णालये व शासकीय कार्यालये यांनी आपल्या वाहनतळावर साध्या १६ अँपिअरच्या मोजक्या जोडण्या दिल्या तरी हा अडसर बऱ्याच अंशी दूर होईल.

६. लांबचा प्रवास आणि सार्वजनिक चार्जिंग

दैनंदिन वापरात न जाणवणारी बॅटरीची मर्यादा लांबच्या प्रवासात जाणवते. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर उदाहरणादाखल घेऊ. महामार्गावर एका युनिटमध्ये ६ किलोमीटर धरल्यास २४ युनिटची मोटार जास्तीत जास्त १४४ किलोमीटर जाईल. १५ टक्के साठा राखून ठेवायचा तर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर उरते. वाटेत खंबाटकीचा घाटही आहे. म्हणजे साताऱ्याजवळ तासाभराचा एक थांबा आणि कराडच्या पुढे आणखी एक छोटा थांबा अपरिहार्य ठरतो. ४५ युनिटच्या मोटारीला हाच प्रवास एका थांब्यात सुखाने करता येतो. वर्षातून चार वेळा गावी जाणाऱ्याने या थांब्यांसाठी लाखो रुपये अधिक मोजून मोठी बॅटरी घ्यावी काय, याचा विचार त्याने स्वतःच करावा. दर आठवड्याला जाणाऱ्याचे उत्तर निश्चितच वेगळे असेल.

जलद चार्जिंगचा वेळ सांगताना '१० ते ८० टक्के' असे का म्हटले जाते, यामागे शास्त्रीय कारण आहे. लिथियम-आयन बॅटरी भरत जाते तसतशी ऋणाग्रातील ग्राफाइटच्या थरांमध्ये लिथियमच्या आयनांना शिरण्यास जागा कमी उरते. त्या वेळी प्रवाह कमी केला नाही तर लिथियम थरांत न शिरता पृष्ठभागावर धातुरूपाने साचू लागतो व बॅटरी कायमची दुबळी होते. म्हणून नियंत्रक यंत्रणा ८० टक्क्यांच्या सुमारास गती आपोआप घटवते. अखेरचे २० टक्के भरण्यास पहिल्या ७० टक्क्यांएवढाही वेळ लागू शकतो. प्रवासात ८० टक्क्यांवर निघणे हे स्वतःच्या आणि रांगेतील पुढच्या वाहनाच्याही सोयीचे असते.

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत शहरांत तीन किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीत एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंस एक चार्जिंग केंद्र असावे, असे उद्दिष्ट मांडण्यात आले होते. प्रत्यक्षात केंद्र नकाशावर असणे आणि ते चालू असणे या भिन्न गोष्टी आहेत. निघण्यापूर्वी आपल्या मोटारीस जुळणारी सीसीएस-२ प्रकारची जोडणी तेथे आहे काय, त्या दिवशी ती वापरली गेली आहे काय, हे ॲपवर पाहावे. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे असल्याने दोन-तीन ॲप आधीच नोंदवून त्यांत थोडी रक्कम भरून ठेवावी. पहिले केंद्र बंद निघाल्यास दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याइतका साठा नेहमी शिल्लक ठेवावा. मुक्कामाच्या ठिकाणी, नातेवाइकांच्या घरी चांगल्या अर्थिंगचे १६ अँपिअरचे सॉकेट असल्यास परतीच्या प्रवासाची चिंता रात्रीतच मिटते.

७. खर्चाचा हिशेब

महिन्याला १००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीचे उदाहरण घेऊ. पेट्रोल मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते व पेट्रोलचा दर १०४ रुपये आहे असे धरल्यास मासिक खर्च सुमारे ६,९३० रुपये होतो. विद्युत मोटारीस मीटरवर १६२ युनिट लागतील. युनिटचा दर १२ रुपये धरल्यास खर्च १,९४४ रुपये, म्हणजे मासिक बचत सुमारे ५,००० रुपये होते. सार्वजनिक केंद्रावर युनिटला २० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास १५० युनिटचा खर्च ३,५४० रुपये होतो आणि बचत सुमारे ३,४०० रुपयांवर येते.

विद्युत मोटार तुल्य पेट्रोल मोटारीपेक्षा तीन लाख रुपयांनी महाग आहे असे मानल्यास, घरी चार्ज करणाऱ्याची ही जादा रक्कम ६० महिन्यांत वसूल होते. केवळ सार्वजनिक केंद्रांवर अवलंबून असणाऱ्यास त्यासाठी ८८ महिने लागतात. महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणाऱ्याला घरी चार्ज करूनही १२० महिने थांबावे लागते. मोटार एकच असूनही ती कोठे चार्ज होते आणि किती धावते यावर तिचे अर्थशास्त्र पालटते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाल्याने किमतीतील अंतराचा हिशेब प्रत्येकाने नव्याने मांडणे अगत्याचे आहे.

घरगुती दराबाबत एक बारकावा आहे. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातात. ज्या घराचा वापर १८० युनिट होता तेथे १६२ युनिटची भर पडल्यास एकूण वापर ३४२ होतो आणि शेवटचे ४२ युनिट महागड्या टप्प्यात जातात. म्हणून बिलावरील सरासरी दर न पाहता वाढीव युनिट ज्या टप्प्यात पडतील त्याचा दर हिशेबात घ्यावा. चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग असल्याने वेगळा मीटर किफायतशीर ठरतो काय, हेही पडताळावे. स्वतःचे छप्पर असलेल्यांना सौर संयंत्राचा पर्याय आहे. १ किलोवॅटचे संयंत्र दिवसाला साधारण ४ युनिट वीज देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते.

जुन्या माहितीवर विसंबून राहणे मात्र टाळावे. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारे प्राप्तिकराचे कलम ८०ईईबी हे ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच होते. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारीच्या खरेदीस अनुदान नाही.

८. बॅटरीचे आयुष्य आणि खरेदीपूर्व तपासणी

बॅटरी हा मोटारीचा सर्वांत महाग घटक असल्याने तिची हमी बारकाईने वाचावी. बहुतेक उत्पादक आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल आणि मोटार विकल्यास हमी दुसऱ्या मालकाकडे जाते काय, हे दोन प्रश्न लेखी स्वरूपात विचारावेत. जुनी मोटार घेताना धावलेल्या किलोमीटरपेक्षा बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अधिकृत अहवाल महत्त्वाचा असतो.

बॅटरीच्या रसायनानुसार सवयी बदलतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकार उष्णतेस अधिक स्थिर असतो आणि साठ्याचा अचूक अंदाज यंत्रणेला यावा म्हणून तो अधूनमधून पूर्ण भरण्याची शिफारस केली जाते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकार कमी वजनात अधिक ऊर्जा साठवतो, मात्र रोजच्या वापरात तो ८०-९० टक्क्यांपर्यंतच भरणे हितावह असते. दोन्ही प्रकारांना विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात सावली मानवते. पूर्ण भरलेली मोटार उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवू नये. मुख्य बॅटरी भरलेली असूनही १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरल्यास मोटार सुरूच होत नाही, हेही अनेकांना प्रसंग ओढवल्यावरच समजते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. विद्युत मोटारीच्या खरेदीचा योग्य क्रम जागा, जोडणी, दैनंदिन अंतर आणि शेवटी मोटार असा आहे. प्रचलित पद्धतीत हा क्रम नेमका उलटा असतो. म्हणून ग्राहकाने आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मोटार उभी राहण्याच्या जागेपर्यंत वायर आणण्याची संस्थेची लेखी परवानगी, मंजूर भाराची पुरेशी मर्यादा आणि अर्थिंगच्या तपासणीचा अहवाल या तीन गोष्टी हातात घ्याव्यात. यांपैकी एकही नसल्यास खरेदी काही महिने पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते.

दुसरे असे की, घरगुती चार्जिंगची खरी गरज अल्प आहे. रात्रीचे साडेसहा युनिट आणि सव्वादोन तास एवढीच एका कुटुंबाची मागणी असते. गृहनिर्माण संस्थांतील बहुतेक वाद हे आकडे समोर नसल्यामुळे लांबतात. संस्थेच्या सभेपुढे परवानगीच्या अर्जासोबत भाराचा एक पानी हिशेब ठेवल्यास चर्चा भीतीवर न राहता व्यवस्थेवर येऊ शकते.

तिसरा निष्कर्ष सामाजिक स्वरूपाचा आहे. करसवलत व पथकरमाफी यांचा लाभ ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आणि स्वतःचा मीटर आहे त्यालाच प्रामुख्याने मिळतो. भाडेकरू, जुन्या इमारतींतील रहिवासी आणि रस्त्याकडेला मोटार उभी करणारे यांना त्याच विजेसाठी जवळजवळ दुप्पट रक्कम मोजावी लागते. धोरणाचा पुढील रोख वाहनाकडून त्याच्या मुक्कामाच्या जागेकडे वळल्याशिवाय ही दरी कमी होणार नाही. जुन्या इमारतींच्या वायरिंगसाठी आणि कार्यालयांच्या वाहनतळावरील साध्या जोडण्यांसाठी सहाय्य दिल्यास ते तुलनेने कमी खर्चात अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचेल.